तेलात पाणी

डिपस्टिक बाहेर काढली
तर टोकाला दुधाळ चहा.
मध दिसायला हवा होता.
एकतीस वर्षं ला क्रॉसच्या इस्पितळात
नळ्या उजेडात धरून
मी माणसांचे रंग वाचले,
त्यामुळे आर्डेल टॉलेफसन जेव्हा म्हणाला,
"तेल जुनं झालंय, एवढंच,"
तेव्हा मी नुसतं "बघू" म्हटलं.

ट्रॅक्टर त्याचाच. म्हणजे होता.
गुडघे बदलल्यावर त्याला वर चढवेना
आणि मला उतारावरचं गवत आवरेना,
म्हणून मार्चमध्ये चार हजारांत घेतला,
लोडरसकट, शिवाय एका लाकडी खोक्यासकट,
ज्यातला एकही नट कुठेच बसत नाही.
मे महिन्यात तो कण्हू लागला.
सकाळच्या गारव्यात लोडर थरथरत वर जायचा
आणि पंप असा केकाटायचा
की पलीकडच्या कुरणातल्या गायी
रवंथ थांबवून बघायच्या.

तपासणी आधी, औषध मागून.
गॅरेजात शेगडी, शेगडीवर बिडाचा तवा,
तव्यावर त्या तेलाचा एक थेंब.
तडतड.
अगदी मोहरी.
आर्डेल दचकून मागे सरला. "हे कुठे शिकलीस?"
फोडणी त्याला कशी समजवायची?
"स्वयंपाकघरात," म्हटलं.

तेल कोमट असताना सोडावं,
म्हणून आधी वीस मिनिटं कुंपणाच्या कडेने फेऱ्या.
मग मधलं बूच.
पसरट टबात दाट, पांढुरकं, संथ.
पुस्तिकेत आठ गॅलन लिहिलेलं, आलं पाच.
उरलेलं कुठे गेलं?
आर्डेल छताकडे बघू लागला.

मागच्या चाकांशी, आसाच्या दोन्ही टोकांना,
चिखलाच्या पोपड्याखाली आणखी दोन बुचं.
त्यांच्यावरचा कारखान्याचा निळा रंग
अजून जसाच्या तसा.
तेवीस वर्षं.
"मला माहीत होतं," तो म्हणाला.
जरा वेळानं, "नव्हतं माहीत."

बुचाच्या चुंबकाला राखाडी पीठ.
चिमटीत चोळून पाहिलं: मऊ, नाचणीसारखं.
टोचलं काहीच नाही, म्हणजे आतले दात शाबूत.
मग पाणी शिरलं कुठून?

सीटखाली, गिअरच्या दांड्याला रबरी घागरा असतो,
त्याला चीर. चिरेवर चिकटपट्टी,
तिच्यावर दुसरी,
सगळ्यात वर त्याच्या नातीची, चांदण्याचांदण्यांची.
कितीतरी हिवाळ्यांचा बर्फ तिथे साचून
वितळून, थेंबथेंब आत उतरलेला.
आणि काम तरी केवढं? टपालपेटीपर्यंत वाट मोकळी केली
की किल्ली बंद.
अंगातलं पाणी उडून जाईल
इतका तो कधी तापलाच नाही.

नवा घागरा. नवा फिल्टर,
त्याच्या रबरी कड्याला बोटानं तेलाचा हात,
आणि हातानंच आवळला, पान्याशिवाय.
आर्डेल म्हणत होता अजून पीळ. नाही पिळला.
नवं तेल भरलं, चालवलं, काढलं: ताक.
पुन्हा भरलं, चालवलं, काढलं: लिंबाचं सरबत.
को-ऑपमधल्या मुलीनं सहावी पिवळी बादली
काउंटरवरून सरकवताना विचारलं,
"पिता की काय तुम्ही हे?"

तिसऱ्या खेपेला डिपस्टिकच्या टोकाला मध आला.
मी तो बराच वेळ उजेडात धरून राहिले,
जुनी खोड.

संध्याकाळी लोडर खांद्याइतका उचलून ठेवला,
इंजिन बंद केलं,
शेजारच्या खांबावर खडूची रेघ ओढली.
सकाळी आर्डेल माझ्याआधी हजर,
चष्मा कपाळावर, नाक रेघेला टेकलेलं.
रात्रभरात दोन बोटं खाली.
सील असेल, व्हॉल्व्ह असेल,
पाकिटाच्या पाठीवर मी यादी मांडायला घेतली.
त्यानं पेन्सिल काढून घेतली.
"राहू दे," म्हणाला,
"रात्रीतून तेवढा तर मीही उतरतो."